डोंगर अडवतो, डोंगरच पोचवतो

साताऱ्याच्या पोवई नाक्यावरून एक कावळा उडाला आणि कुठेही न वळता, वाटेत कुणाच्या वाळवणात चोच न घालता, थेट सांगलीच्या गणपती मंदिरापाशी उतरला, तर त्याचा प्रवास होईल सुमारे ११० किलोमीटरचा. दोन-तीन तास लागतील बिचाऱ्याला. रेडिओची लहर मात्र हेच अंतर डोळ्याची पापणी हलायच्या आत कापते. एका सेकंदाचे अडीच हजार तुकडे करा. त्यातला एक तुकडा तिला पुरतो.

आता कोडं ऐका. साताऱ्यात एका ताईच्या हातात वॉकीटॉकी आहे, सांगलीत तिच्या मामाच्या हातात दुसरा. दोघांकडेही हे संच वापरायचा परवाना आहे (त्याबद्दल पुढे बोलू). बॅटरी भरलेली, ताकद ५ वॅट. ताई बटण दाबून म्हणते, "मामा, ऐकू येतंय का? ओव्हर." मामाकडे नुसती खरखर. मामा म्हणतो, "अगं बोल ना!" ताईकडेही खरखर.

तुम्ही म्हणाल, ५ वॅट म्हणजे रात्री लावायच्या लहानशा दिव्याएवढी ताकद, ती कशी पुरेल? इथेच तर गंमत आहे. ती पुरते, आणि भरपूर उरते! हे दोघं मोकळ्या अवकाशात ११० किलोमीटर अंतरावर तरंगत असते आणि मधे काहीही नसतं, तर मामाच्या संचाला लागते त्याच्या दहा हजारपटींहून जास्त ताकद त्याच्यापर्यंत पोचली असती. म्हणजे कमी पडते ती ताकद नाही. मग अडतं कुठे?

अडतं जमिनीत. वॉकीटॉकीच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात आणि आपली पृथ्वी गोल आहे. "गोल आहे ते ठाऊक आहे, पण साताऱ्यापासून सांगलीपर्यंत असा कितीसा गोलपणा असणार?" असं वाटतं ना? मोजूया. सातारा आणि सांगली यांच्यामध्ये एक सरळ दोरी ताणली, तर तिच्या बरोबर मध्यावर पृथ्वीचा फुगवटा दोरीच्या २३० मीटरहून जास्त वर आलेला असेल. एकावर एक तीन कुतुबमिनार रचले तरी त्याची उंची पुरती भरणार नाही. शेतातून पाहताना सपाट दिसणारी जमीन एवढी फुगलेली असते!

त्यावर आपले डोंगर. कृष्णेच्या खोऱ्यात एका अंगाला सह्याद्रीचे फाटे, दुसऱ्या अंगाला महादेव डोंगररांगेचे. पाटण, जावळी, वाईकडे तर असं की खिडकी उघडली की समोर डोंगर आणि पाठीमागे वळलं तरी डोंगर. ताईचा आवाज साताऱ्याबाहेर पडतो न पडतो तोच एखाद्या सोंडेवर जाऊन आपटतो.

मग काय करायचं? ज्या डोंगराने अडवलं, त्याच्याच डोक्यावर जाऊन बसायचं.

ही युक्ती महाराष्ट्राला नवी नाही. १६७० च्या फेब्रुवारीत तानाजी मालुसऱ्यांच्या मावळ्यांनी सिंहगड घेतला, तेव्हा गडावरच्या पागेचं गवती छप्पर पेटवून राजगडावर खबर दिली, असं बखर सांगते. दोन गडांमध्ये पंधरा-सोळा किलोमीटरांची दरी. घोडेस्वार निघाला असता तर गड उतरून पुन्हा गड चढण्यात किती वेळ गेला असता! उजेडाला मात्र एकच अट होती. या माथ्यावरून तो माथा दिसला पाहिजे. आज त्याच सिंहगडावर दूरदर्शनचा उंच मनोरा उभा आहे. त्याचीही अट तीच.

माथ्यावर चढलं की किती लांब 'दिसतं', ते काढायचं एक सोपं सूत्र आहे. उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि ४ ने गुणा. येणारं उत्तर किलोमीटरमध्ये. (खरा आकडा ४.१२ आहे, पण तोंडी हिशेबाला ४ बरा.) रेडिओच्या लहरी हवेत किंचित खाली वाकतात, त्यामुळे आपल्या डोळ्यांपेक्षा त्यांना थोडं जास्तच लांबचं दिसतं. ताईने वॉकीटॉकी तोंडाशी धरलाय, जमिनीपासून दीड मीटरवर. दीडचं वर्गमूळ सव्वाएकच्या जवळपास, गुणिले ४, म्हणजे जेमतेम ५ किलोमीटर. सपाट मैदानातसुद्धा एवढंच! ती अजिंक्यताऱ्यावर चढली तर? गड शहराच्या वर सुमारे ३०० मीटर आहे. ३०० चं वर्गमूळ १७ च्या थोडं पुढे, म्हणजे ६८-६९ किलोमीटर. कागदावर तरी कराड टप्प्यात आलं. आणि महाबळेश्वरचा विल्सन पॉइंट? तो समुद्रसपाटीपासून साधारण १,४४० मीटरवर, सांगली साधारण ५५० वर. फरक ८९० धरा. उत्तर १२० किलोमीटरच्या आसपास येतं. पण महाबळेश्वर ते सांगली हे सरळ अंतर दीडशे किलोमीटर आहे. म्हणजे महाराष्ट्रातल्या एवढ्या नावाजलेल्या उंच माथ्यावरूनही सांगली हुकतेच.

एक गोष्ट लक्षात आली का? उंची चौपट केली तर पल्ला फक्त दुप्पट होतो. वर्गमूळ महाचिक्कू असतं.

पण ताईने रोज मामाशी बोलायला गड चढायचा का? तिचं दप्तर, शाळा, गृहपाठ? म्हणून माणसांनी एक यंत्र करून डोंगरावर ठेवलं. त्याचं नाव रिपीटर. त्याचं काम सांगायला अगदी सोपं आहे. खालून आलेला आवाज ऐकायचा आणि त्याच क्षणी तो जोरात पुन्हा बोलायचा. ताईचे ५ वॅट डोंगरमाथ्यापर्यंत आरामात पोचतात, कारण माथा तिला दिसतो. माथ्यावरून रिपीटर २५ किंवा ५० वॅटने तेच शब्द चहूकडे सोडतो. डोंगराच्या पलीकडच्या गावाला ताई दिसत नाही, पण माथा त्यालाही दिसतो.

सांगायला सोपं म्हटलं, करायला नाही. मला विचाराल तर या सगळ्या विषयातलं सगळ्यात मोठं नवल या रिपीटरच्या पोटात आहे. विचार करा, तो ऐकतो आणि बोलतो एकाच वेळी. ताई वाक्य संपवेपर्यंत तो थांबत नाही. 'मा' आला की 'मा' बाहेर, 'मा' आला की 'मा' बाहेर. आता तुम्ही ओरडत असताना शेजारच्याची कुजबुज ऐकून पाहा बरं. आणि इथला फरक कुजबुज आणि ओरडण्याएवढा लहान नाही. चांगला रिपीटर जो क्षीण संदेश पकडतो त्याची ताकद एका वॅटच्या कोट्यवधीच्या कोट्यवधीव्या भागाहूनही कमी असते. तेव्हाच त्याच्याच खोक्यातून २५ वॅट बाहेर पडत असतात. दोन्हींचा भागाकार केला तर ३ वर १६ शून्यं! भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त मोठ्या संख्यांची नावं दिली आहेत. कोटी, अब्ज, खर्व, निखर्व असं चढत चढत १ वर १६ शून्यं आली की तिला 'मध्य' म्हणतात. म्हणजे रिपीटरचं ओरडणं त्याच्या ऐकण्याच्या तीन मध्य पट. स्वतःच्याच आवाजाने तो ठार बहिरा व्हायला हवा.

तो बहिरा होत नाही याची दोन कारणं. पहिलं, तो ऐकतो एका कंपनसंख्येवर आणि बोलतो दुसरीवर. समजा १४५.००० मेगाहर्ट्झवर ऐकतो आणि १४५.६०० वर बोलतो. मधे फक्त ०.६ मेगाहर्ट्झचं अंतर. या पट्ट्यात जगभर बहुतेक रिपीटर एवढंच अंतर ठेवतात. ताईचा संचही तसाच लावलेला असतो. बटण दाबलं की बोलायची जागा, सोडलं की ऐकायची, आपोआप.

पण एवढ्या जवळच्या दोन जागा वेगळ्या ठेवणार कोण? हे दुसरं कारण. रिपीटरशेजारी धातूचे चार-सहा उभे डबे असतात, दुधाच्या उंच बरण्यांसारखे दिसणारे. प्रत्येकाच्या पोटात एक दांडा. दांडा स्क्रूने वरखाली केला की तो डबा एकाच विशिष्ट कंपनसंख्येला साथ देतो आणि दुसरीला अडवून धरतो. या डब्यांच्या संचाला डुप्लेक्सर म्हणतात. त्याच्यामुळे एकाच अँटेनावरून ऐकणं आणि बोलणं दोन्ही चालतं. हे डबे भारी नाजूक स्वभावाचे. उन्हाने दांडा केसभर लांबला तरी त्यांचा सूर बिघडतो. आपल्याकडे उन्हाळ्याच्या दुपारी डोंगरावरची पत्र्याची खोली किती तापते ते तुम्हाला ठाऊकच आहे. म्हणून चांगल्या डब्यांत दांडा इन्व्हार नावाच्या लोखंड-निकेलच्या मिश्रधातूचा असतो. तो तापला तरी जवळजवळ प्रसरण पावतच नाही.

"दोन जण एकदम बोलले तर?" असं विचारणारा एक तरी जण असतोच. शाब्बास! दोन्ही संदेश सारख्या ताकदीचे असले तर सगळ्यांना नुसती किंचाळी ऐकू येते. एक जोरदार असला तर तोच ऐकू येतो, दुसरा दबून जातो. म्हणून रिपीटरवर शिस्त अशी की आधी ऐकायचं, मग बोलायचं, आणि मधे जरा थांबायचं, म्हणजे कुणाला अडचणीचा निरोप द्यायचा असेल तर त्याला जागा मिळते. कुणी बटण दाबून बसून राहिलं, तर रिपीटरमधलं घड्याळ काही मिनिटांनी त्याचं बोलणं आपण होऊन तोडतं. वर्गातही असं घड्याळ असतं तर काय बहार आली असती!

आता प्रश्न येतो पट्ट्याचा. रेडिओवाले त्याला बँड म्हणतात. हा रिपीटर १४५ वरच का? ४३५ वर का नाही? किंवा अगदी खाली का नाही?

त्यासाठी मिरजेला जाऊ. मिरजेत सतार आणि तंबोरा घडवणारी घराणी पिढ्यान्‌पिढ्या राहतात. २०२४ साली तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तंबोऱ्याची तार लांब असेल तर सूर खालचा, आखूड केली की सूर वर चढतो. अँटेनाचंही तसंच आहे. कंपनसंख्या कमी असेल तर लहर लांब आणि तिला अँटेनाही लांब लागते. हिशेब सोपा. ३०० ला मेगाहर्ट्झने भागा, लहरीची लांबी मीटरमध्ये येते. तिचा चौथा हिस्सा म्हणजे कामचलाऊ अँटेना.

सांगलीच्याच घरातलं उदाहरण घ्या. आकाशवाणीचं सांगली केंद्र १९६३ साली सुरू झालं. मध्यम लहरींवर ते १२५१ किलोहर्ट्झवर लागतं, म्हणजे १.२५१ मेगाहर्ट्झ. भागाकार करा. लहर २४० मीटर लांब! एवढी लांबलचक लहर जमिनीला धरून चालते, फुगवटा आला की वाकते, टेकाड आलं की वळसा घालून पुढे जाते. म्हणून आजोबांच्या जुन्या ट्रान्झिस्टरवर दूरच्या वाडीतही सांगली लागायची. "मग वॉकीटॉकीही त्याच पट्ट्यावर करा की!" करू. फक्त अँटेना ६० मीटरची लागेल. ती खिशात कशी मावते बघा.

जरा वर येऊ, ७ मेगाहर्ट्झवर. लहर ४० मीटरच्या आसपास. इथे एक अजब प्रकार होतो. आंब्याच्या दोन झाडांमध्ये २० मीटरची तार जरा खालीच बांधली की लहर थेट आकाशाकडे निघते. वर अडीच-तीनशे किलोमीटरवर आयनांबर आहे, म्हणजे सूर्याने हवेतल्या कणांचे विद्युतभारित तुकडे करून ठेवलेला थर. दिवसा तो या लहरीला परत खाली ढकलतो. साताऱ्यातून वर गेलेली लहर खाली येताना सगळ्या कृष्णाखोऱ्यावर पसरते, डोंगराच्या आड बसलेल्या गावातही वरून टपकते. रिपीटर नको, डोंगर चढायला नको! ११० किलोमीटरवरच्या मामाशी बोलायला आवाज पाच-सहाशे किलोमीटर भटकून येतो एवढंच. रात्र चढत जाते तसा तो थर विरळ होतो आणि लहर अवकाशात निसटू लागते. १९४२ च्या चळवळीत उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईत जागा बदलत बदलत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला, तो ४२.३४ मीटरवर होता. भागाकार करून पाहा, तो याच ७ मेगाहर्ट्झच्या शेजारात निघतो. पण हा संच म्हणजे टेबलावरचं खोकं आणि बाहेर लांब तार. चालता चालता बोलायच्या कामाचा नाही.

म्हणून खिशात मावणाऱ्या संचांसाठी खरी निवड उरते दोन पट्ट्यांची. भारतात हौशी रेडिओवाल्यांना, म्हणजे हॅम मंडळींना, १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ असे दोन पट्टे मिळालेले आहेत. पहिल्यातली लहर २ मीटर, दुसऱ्यातली ७० सेंटिमीटर. बोलताना ते सरळ 'टू मीटर' आणि 'सेव्हन्टी सेंटी' असंच म्हणतात.

दोघांचे स्वभाव वेगळे. २ मीटरची लहर डोंगराच्या धारेवरून जाताना थोडीशी पलीकडे वाकते, झाडीतून जातानाही कमी थकते. ७० सेंटिमीटरची लहर धारेवरून कमी वाकते आणि ओल्या पानांत जास्त मुरते. पण गावात शिरली की तिची चलती. भिंतींवर आपटत, खिडक्यांतून आत शिरत ती बोळाबोळांत पोचते. शिवाय अँटेना वीतभर, आणि ते मघाचे डबेही अर्ध्या मीटरऐवजी वीतभराचेच पुरतात. खर्च कमी, ओझं कमी.

आता तुम्हीच ठरवा. कोयनेच्या खोऱ्यात, बामणोलीच्या जलाशयाकाठी, चांदोलीच्या दाट रानात कोणता पट्टा? मी २ मीटर निवडेन. एका धारेने अडवलं तरी लहर थोडी का होईना पलीकडे डोकावते. सांगली-मिरजेच्या गल्ल्यांत, बाजारपेठेत? तिथे ७० सेंटी. आणि दोन्हीकडची माणसं एकमेकांशी बोलायची असतील तर? एक रिपीटर साताऱ्याकडच्या एखाद्या माथ्यावर, दुसरा मिरजेजवळच्या दंडोबासारख्या डोंगरावर, मधे लागेल तिथे तिसरा, आणि त्यांनी आपसात दुसऱ्याच पट्ट्यावर बोलायचं. साताऱ्यात शिरलेला शब्द डोंगरांच्या माथ्यांवरून उड्या मारत मामाच्या खिशात.

पट्टा निवडायचा तो कामाकडे बघून, हे मांढरदेवला फार छान कळतं. वाई तालुक्यातला हा डोंगर काळुबाईच्या देवळासाठी प्रसिद्ध. तिथे सुमारे १,३०० मीटर उंचीवर पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ढगांचा अभ्यास करणारं रडार बसवलं. त्याची लहर फक्त ३ सेंटिमीटरची! २ मीटरच्या लहरीला पावसाचा थेंब म्हणजे काहीच नाही, ती त्याची दखलही न घेता निघून जाते. ३ सेंटिमीटरची लहर थेंबांवरून विखुरते, थोडी परत येते, आणि त्यावरून कळतं की पाऊस कुठे आहे, किती आहे, कुठे चाललाय. पण जे थेंब तिला दिसतात तेच तिला थकवतातही. मुसळधार पावसाच्या पडद्यापलीकडचं तिला कमी दिसतं.

पावसाचं नाव निघालं की सांगलीकराच्या डोळ्यांसमोर आयर्विन पूल येतो. तिथे कृष्णेचं पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ फुटांवर धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांच्या वर गेलं. अशा पुरात वीज जाते, मोबाइलच्या मनोऱ्यांच्या बॅटऱ्या संपतात, तारा पाण्याखाली जातात. डोंगरावरच्या रिपीटरला पुराची भीती नसते. त्याची अडचण वेगळीच. त्याला वीज सौर पाट्यांवरून द्यावी, तर नेमक्या पुराच्या दिवसांत आठवडाभर ऊनच नाही! म्हणून बॅटरी मोठी लागते. समजा १०० अँपिअर-तासांची बॅटरी आहे आणि रिपीटर नुसता ऐकत असताना अर्धा अँपिअर खातो. तर तो २०० तास, म्हणजे आठ दिवस जागा राहील. पण बोलायला लागला की त्याची भूक दसपट. पुरात गप्पा का मारायच्या नाहीत, ते या भागाकारात आहे.

हॅम मंडळींनी अशा वेळी खरोखर काम केलंय. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा आपापले संच, बॅटऱ्या, तारा घेऊन ते मराठवाड्यात पोचले. कोणत्या गावात काय लागतंय, हे निरोप त्यांच्या संचांवरून गेले.

"आम्हाला लावता येईल का असा रिपीटर?" थांबा, थांबा. आधी बोलायचा परवाना. भारतात बारा वर्षं पूर्ण झाली की हौशी रेडिओची परीक्षा देता येते. थोडी वीज, थोडे नियम, थोडी सवय. पास झालात की व्हीयू या अक्षरांनी सुरू होणारं तुमचं स्वतःचं हाकनाव मिळतं. साऱ्या जगात ते दुसऱ्या कुणाचंच नसतं. रिपीटर उभा करायचा तर त्याला आणखी वेगळी परवानगी. ऑनलाइन स्वस्तात मिळणारा वॉकीटॉकी घेऊन परवान्याशिवाय बटण दाबायचं नाही. पोलीस, रुग्णवाहिका, विमानं यांचे पट्टे तिथेच आजूबाजूला असतात.

अमेरिकेत जरा वेगळं आहे. तिथे जीएमआरएस नावाची सोय आहे, ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झची. परीक्षा नाही. ३५ डॉलर भरले की दहा वर्षांचा परवाना, आणि त्या एकाच परवान्यावर सगळं घर बोलू शकतं. आजी, काका, भाचे-पुतणेसुद्धा! ४६७ वर ऐकायचं आणि ४६२ वर बोलायचं अशा रिपीटरच्या आठ जोड्या ठरवून दिल्या आहेत, त्यामुळे तिथे हौसेने स्वतःचा रिपीटर टेकडीवर ठेवणारी माणसं आहेत. आपल्याकडे २०१८ पासून ४४६ मेगाहर्ट्झजवळची एक चिंचोळी पट्टी अगदी कमी ताकदीच्या वॉकीटॉकींसाठी परवान्याविना खुली झाली, पण तो पल्ला शेतावरून घरापर्यंत हाक मारायचा.

मला जास्त गंमत वाटते ती ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्याची. तो भारतात ठरावीक ताकदीपर्यंत परवान्याविना वापरता येतो. त्यावर मेशटॅस्टिक नावाची एक युक्ती हौशी लोक करतात. २०२० साली ती सुरू झाली. काड्यापेटीहून जरा मोठी यंत्रं, आवाज पोचवत नाहीत, फक्त छोटे लेखी निरोप. पण त्यातलं प्रत्येक यंत्र स्वतःच एक रिपीटर असतं! निरोप ऐकला की ते तो पुढे सोडतं, पुढचं त्याच्या पुढे, साधारण तीन उड्या. इथे ऐकणं आणि बोलणं एकाच वेळी नसतं, आधी पूर्ण निरोप ऐकायचा, मग सोडायचा. म्हणून ते मोठे डबेही नकोत. तासगावच्या द्राक्षबागेत एक, पाण्याच्या टाकीवर एक, टेकडीवर एक. निरोप सावकाश जातो, पण जातो.

आणि याहूनही उंच रिपीटर? तो डोंगरावर नाही. इस्रोने ५ मे २००५ रोजी हॅमसॅट नावाचा चिमुकला उपग्रह सोडला. ४३५ मेगाहर्ट्झवर ऐकायचा, १४५ वर बोलायचा, जमिनीपासून सहाशेहून जास्त किलोमीटर वर. २०१४ पर्यंत त्याने काम केलं. आज आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरही असाच रिपीटर असतो. तो १४५.९९० वर ऐकतो आणि ४३७.८०० वर बोलतो. स्थानक डोक्यावरून जातं तेव्हा त्याला काबूलपासून कोलंबोपर्यंतचा सगळा प्रदेश एकदम दिसतो. २०२५ च्या जुलैमध्ये आपले शुभांशू शुक्ला त्या स्थानकात होते, तेव्हा बेंगळुरूच्या इस्रोच्या केंद्रात जमलेल्या शाळकरी मुलांशी ते हॅम रेडिओवरूनच बोलले.

साताऱ्याहून सांगलीला न पोचणारा ताईचा तोच ५ वॅटचा संच, जरा बरी अँटेना लावली, तर चारशे किलोमीटर वरच्या स्थानकाला पोचतो. मधे डोंगर नाही, फुगवटा नाही, फक्त हवा आणि पोकळी. तिला एकच कसरत करावी लागते. स्थानक सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगाने धावतं, त्यामुळे ते जवळ येताना त्याची कंपनसंख्या चढलेली भासते, लांब जाताना उतरलेली. म्हणून ते क्षितिजावर उगवलं की ४३७.८१० वर लावायचं, वर चढू लागलं की ४३७.८०५, माथ्यावर आलं की ४३७.८००, मग ७९५, आणि मावळताना ७९०. सगळं मिळून दहा मिनिटांत. एका हातात अँटेना, दुसऱ्या हाताने बटण. मामाला सांगून ठेवायचं, तूही तसंच कर, बोलायची वेळ पहिल्या पाच मिनिटांतली.